रविवारची सुट्टी आणि रावबहादूर लोखंडे

खास प्रतिनिधी

नवी मुंबई : आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधी काळी मागावी लागली होती, तिच्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या आणि सुरुवातीला ती नाकारलीही गेली होती, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला ही सुट्टी मिळाली १८९० साली. ती मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपले उमेदीचे आयुष्य वेचले, ते नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. परंतु रविवारी सकाळी निवांत चहा पिणाऱ्या सर्वसामान्य नोकरदाराला मात्र ते आठवतेच असे नाही.

ऐरोली, महापे, वाशी, बेलापूर या पट्ट्यातील कार्यालयांत काम करणाऱ्या तरुण पिढीत 'बर्नआउट' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. कामाचा साधा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. हा शीण उतरत नाही. कामातला रस आटतो, चिडचिड वाढते, आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेची नोंद घेतली. ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. यावर तज्ज्ञ सांगतात तो उपाय साधा आहे : नोकरीतील चढती कमान नंतर, आधी प्रकृती, कुटुंब आणि विश्रांती. सल्ला योग्यच आहे. पण तो एकट्यादुकट्याने अमलात आणणे किती अवघड असते, हे लोखंडे यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

ठाण्याचा मुलगा, गिरणीतील कारकून

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. नारायणरावांचा जन्म मात्र १८४८ साली ठाण्यात झाला, म्हणजे आजच्या नवी मुंबईपासून हाकेच्या अंतरावर. घरची परिस्थिती बेताची असल्याने मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण होताच त्यांनी नोकरी धरली. प्रथम रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि पुढे मांडवीच्या कापड गिरणीत भांडारपाल म्हणून ते काम करू लागले. त्या काळात इंग्रजी जाणणाऱ्या मॅट्रिक झालेल्या तरुणाला अशी पगाराची जागा मिळणे ही मोठी गोष्ट होती. वरिष्ठांची मर्जी सांभाळून एकेक पायरी चढत सुखाने आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते.

भांडारपालाच्या जागेवरून लोखंडे यांना गिरणीची दोन्ही अंगे दिसत होती. एकीकडे मालाचा हिशेब, दुसरीकडे माणसांची अवस्था. मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा मान कावसजी नानाभाई दावर यांचा. त्यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील तीन-साडेतीन दशकांत शहरात साठ-सत्तर गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत राबणाऱ्यांची संख्या अर्ध्या लाखावर गेली. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेली ही माणसे शेतीच्या कामाला सरावलेली होती. शेतीत कष्ट अपार, पण सुगी सरली की उसंतही मिळे. गिरणीच्या यंत्राला उसंत ठाऊक नव्हती.

काम उजाडताच सुरू होई आणि मावळतीला थांबे. विजेचे दिवे आलेले नव्हते, त्यामुळे दिवस जितका मोठा तितके काम मोठे, असा हिशेब होता. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास सहज भरत. दुपारच्या जेवणासाठी ठरावीक सुट्टी अशी नव्हती. यंत्र चालू असतानाच चार घास पोटात ढकलायचे. कापसाची पूड नाकातोंडात जात असे. सणासुदीला गिरणी बंद राही, पण अशा दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावण्याची प्रथा होती. एक दिवस दांडी मारली तर दोन दिवसांचा पगार कापण्याची रीतही अनेक गिरण्यांत रूढ होती. कामगार तिला डबल खाडा म्हणत. पगार हाती पडण्यास पुढचा महिना निम्मा सरत असे, तोवर वाणी आणि सावकार यांच्याकडे उधारी वाढत जाई. मूलबाळ आजारी पडले, तर घरी थांबावे की कामावर जावे, हा प्रश्न आईबापांना पगाराच्या हिशेबानेच सोडवावा लागे.

सरकारी कचेऱ्यांना रविवारी सुट्टी होती, गोऱ्या साहेबाला चर्चमध्ये जाण्यासाठी ती मिळत होती. गिरणी कामगाराला मात्र आठवड्याचे सातही दिवस सारखेच.

'दीनबंधू'ची सूत्रे

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे लवकरच या विचाराकडे ओढले गेले आणि मुंबईतील सत्यशोधक कार्यकर्त्यांत त्यांची गणना होऊ लागली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' हे पत्र आर्थिक अडचणीत सापडले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि त्याचे संपादन स्वीकारले. शेतकरी आणि कामकरी वर्गाची गाऱ्हाणी मांडणारे हे पत्र पुढे त्यांच्या साऱ्या चळवळीचे मुखपत्र ठरले. गिरणीतील अपघात, थकलेले पगार, मुकादमांची दस्तुरी हे विषय वृत्तपत्राच्या पानावर येऊ लागले. कामगाराचे दुःख ही बातमी होऊ शकते, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती.

लोखंडे यांचा पिंड मवाळ होता. अर्ज, विनंती, सभा आणि लेखणी ही त्यांची हत्यारे. या सावधपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. महात्मा फुले यांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'त प्रसिद्ध झाली; परंतु सरकारवरील तिखट टीकेमुळे लोखंडे यांनी पुढची प्रकरणे छापणे थांबवले. फुले त्यामुळे नाराज झाले. तरीही दोघांचे कार्य एकाच दिशेने चालू राहिले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्या सत्काराच्या खटपटीत लोखंडे पुढे होते.

पाच मागण्या, साडेपाच हजार सह्या

गिरण्यांतील परिस्थितीविषयी सरकारदरबारी तोवर काही हालचाल झाली होती. सोराबजी शापूरजी बेंगाली या पारशी सुधारकाने १८७८ मध्ये कामाच्या वेळेवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा मांडला होता. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला, तोही मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, अशी त्याची मजल. प्रौढ स्त्री-पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांबाबत कायदा मूकच होता.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कायद्यातील दुरुस्तीच्या विचारासाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. त्या वर्षी सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखांना त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा बोलावल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे गेला. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी सरकारी कागदावर आपले नाव लावणे ही धाडसाचीच गोष्ट होती. मुकादमाच्या कानी गेले तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतले जाईल याची खात्री नव्हती.

अर्जातील मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. कामावर अपघात होऊन कामगार जायबंदी झाला, तर बरा होईपर्यंत मदत आणि कायमचा निकामी झाला, तर निर्वाहाची सोय. आज वाचताना या मागण्या किती माफक होत्या असे वाटते. सूर्यास्तापर्यंत काम करण्यास कामगार तयार होता; त्याला हवा होता तो श्वास घेण्यापुरता अवकाश. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या संघटनेची सुरुवात याच सभांपासून मानली जाते. वर्गणी, सदस्यनोंदणी, घटना असे तिचे आजच्या कामगार संघटनेसारखे स्वरूप नव्हते. तरीही भारतातील संघटित कामगार चळवळीचे मूळ येथे शोधले जाते.

विरोध दोन्हीकडून

मागणी माफक असूनही ती मान्य होण्यास सहा वर्षे लागली. गिरणीमालकांचे म्हणणे असे की, सणावारांच्या सुट्ट्या पुरेशा आहेत, कामगार दिवसातून अनेकदा विडी ओढण्याच्या निमित्ताने बाहेर जातो, गावी गेला की महिना महिना येत नाही, मग वेगळी विश्रांती हवी कशाला? थकलेला माणूस मधूनच काम टाकून उठतो, तो आळशी असतो म्हणून नव्हे, तर शरीर ऐकत नाही म्हणून, हे त्यांच्या गावी नव्हते.

दुसरा विरोध अधिक गुंतागुंतीचा होता. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा मँचेस्टरच्या गिरणीमालकांना जाचत होती आणि हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून तेही विलायतेत जोर लावत होते. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांना हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा डाव वाटला. त्यांची शंका निराधार नव्हती. पण उद्योग देशी असला, तरी त्यात झिजणारा माणूसही देशीच होता, ही बाजू 'दीनबंधू'ने लावून धरली. उद्योग टिकवायचा असेल, तर आणखी राबा, विश्रांतीची भाषा नको, हा युक्तिवाद आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल. आठवड्याला सत्तर तास काम करावे, नव्वद तास करावे, अशी विधाने २०२३ पासून आपल्याकडील बड्या उद्योजकांनी केली, तेव्हा त्यामागे हीच विचारसरणी होती.

मैदानातील दहा हजार

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे रेसकोर्सच्या मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरली. दहा हजार कामगार जमले होते. म्हणजे शहरातील दर पाच-सहा गिरणी कामगारांमागे एक जण उपस्थित होता. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. एकोणिसाव्या शतकात कष्टकरी स्त्रीने हजारोंच्या जाहीर सभेत उभे राहून आपल्या श्रमाविषयी बोलावे, ही असामान्य घटना होती. गिरणीतून सुटल्यावर घरची चूल आणि मुले यांचा भार तिच्याच खांद्यावर असल्याने सुट्टीची गरज तिच्याइतकी कोणाला असणार?

सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज मंजूर करून मालकांच्या संघाकडे पाठवला. या वेळी मालकांना तो टाळता आला नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतील कामात स्थानिक सदस्य म्हणून लोखंडे यांना सामील करून घेण्यात आले. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्व कामगारांना लागू झाली. स्त्रियांसाठी अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा ठरली. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती.

रविवारच का, या प्रश्नाला एक उत्तर असे दिले जाते की, हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या कुलदैवताचा दिवस गिरणीतील मराठी कामगाराला आपला वाटणारा होता. साहेबाची सुट्टी आणि कामगाराचे दैवत अशा रीतीने एकाच दिवसावर आले. लोखंडे यांच्या दृष्टीने या सुट्टीचा अर्थ केवळ झोप काढणे एवढाच नव्हता, असेही सांगितले जाते. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला सातवा दिवस समाजासाठी, वाचनासाठी, सभेसाठी मिळावा, ही त्यामागची दृष्टी. सत्यशोधक कार्यकर्त्याला हे सहज सुचण्यासारखे आहे. ज्याला विचार करण्यास वेळच नाही, तो अन्याय ओळखणार तरी कसा?

स्वतःसाठी सुट्टी नाही

सुट्टी मिळवून देणाऱ्या या माणसाच्या आयुष्यात सुट्टी फारशी दिसत नाही. १८९० मध्येच विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांनी संप पुकारला, त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा सलोख्यासाठी ते वस्त्यांतून फिरले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. पत्र चालवणे, सभा घेणे, अर्ज लिहिणे आणि सत्यशोधक समाजाचे काम, हा गाडा अखंड चालूच होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, तो मांडवी भागातच. पाहता पाहता साथ पसरली. ज्यांना शक्य होते, त्यांनी शहर सोडले. गिरणगावातील चाळी ओस पडू लागल्या. लोखंडे यांनी शहर सोडले नाही. रुग्णांच्या उपचारांची सोय करण्यात, भेदरलेल्या माणसांना धीर देण्यात ते गुंतले आणि त्यांनाच प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी ओलांडली नव्हती. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्च रोजी, प्लेगग्रस्तांची सेवा करतानाच पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही अंत झाला.

म्हणूनच आधी स्वतःला जपा हा आजचा सल्ला लोखंडे यांच्या तोंडी घालणे योग्य ठरणार नाही. त्यांनी स्वतःला जपले नाही. परंतु इतरांवर तशी सक्ती होऊ नये यासाठी ते झगडले. स्वेच्छेने पत्करलेले काम आणि पोटासाठी लादले गेलेले काम यांत फरक आहे. पहिल्यासाठी माणूस आपला वेळ देऊ शकतो. पण त्यासाठी तो वेळ आधी त्याच्या मालकीचा असावा लागतो.

दिवा आला, तास वाढले

लोखंडे यांच्या पश्चात घडलेली एक गोष्ट आजच्या संदर्भात महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास आले. सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली आणि भरभराटीच्या काळात अनेक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. ज्या मावळतीला कामगार आपला हक्काचा विराम समजत होता, ती एका बटणाने नाहीशी झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आणि १९३४ मध्ये दहा तासांवर उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आली आणि १९४८ च्या कायद्याने ती कायम केली.

आजच्या कार्यालयात विजेच्या दिव्याची जागा मोबाइल आणि लॅपटॉपने घेतली आहे. पूर्वी कचेरीचे दार बंद झाले की काम संपे. आता काम खिशात बसून घरी येते. ठाणे-बेलापूर मार्गावरील कार्यालयांतून परदेशातील ग्राहकांची घड्याळे सांभाळली जातात आणि रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्याच्या घरी तेव्हा दिवस सुरू झालेला असतो. रविवारी कार्यालयाला कुलूप असते, पण वरिष्ठांचा निरोप येतोच. डबल खाड्याची भीती गेली, तरी त्याजागी बढती हुकण्याची, यादीतून नाव जाण्याची भीती आली आहे.

शरीराचा हिशेब मात्र बदललेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा दीर्घ तासांशी निगडित असल्याचा अंदाज या अभ्यासाने मांडला.

रविवारी फोन बंद ठेवावा, जेवायला घरच्यांसोबत बसावे, रजा शिल्लक न टाकता घ्यावी, हे प्रत्येकाने स्वतः करण्यासारखे आहे. परंतु शेजारच्या टेबलावरील सहकारी फोन चालू ठेवत असेल, तर बंद ठेवणारा एकटा पडतो. १८८४ मध्ये एखाद्याच गिरणी कामगाराने रविवारी घरी राहायचे ठरवले असते, तर त्याचे दोन दिवसांचे पैसे तेवढे कापले गेले असते. साडेपाच हजारांनी सह्या केल्या आणि दहा हजार मैदानात आले, तेव्हा सुट्टी सर्वांची झाली. हे नवी मुंबईला वेगळे सांगण्याची गरज नाही. ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांनी संघटनेच्या बळावरच १९६९ मध्ये आपल्यासाठी स्वतंत्र कायदा मिळवला होता.

परळ येथील राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये टपाल खात्याने, म्हणजे जेथे त्यांनी तरुणपणी नोकरी केली त्याच खात्याने, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ही स्मारके योग्यच आहेत. तथापि, त्यांनी मिळवून दिलेला दिवस आपण आपल्या हातानेच पुन्हा कामाच्या स्वाधीन करत आहोत का, याचा विचार येत्या रविवारी प्रत्येक नोकरदाराने आणि त्याच्या वरिष्ठानेही करावयास हवा.